चौघंही पुलापलीकडे

दादाची बोट मे महिन्याच्या शेवटी फुटली आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात मी त्याला कॉम्प्युटरवरचा खेळ आणून दिला. आमच्या चिखले गावात शेजारणीने तोंडाला पदर लावला. "चाळिशी उलटलेल्या तांडेलाच्या हातात माऊस दिलास होय गो?" मी म्हटलं, दिला. पडवीत बसून तुमची तोंडं बघण्यापेक्षा राक्षसांची बघितलेली बरी. माझी जीभ अशीच आहे, आणि त्या दिवसांत तर तिला काही धरबंधच राहिला नव्हता.

दादाची बोट म्हणजे त्याच्या मालकीची नव्हे. मालक डहाणूला बसतो, बोट तांडेल चालवतो. दादा बारा वर्षं तांडेल होता आणि त्याच्या हाताखाली सात खलाशी होते. निघताना आणि परतताना माणसं मोजायची त्याची पद्धत होती, बाबांकडून आलेली. प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवून मोठ्याने म्हणायचं, एक, दोन, तीन, आणि शेवटी आठवा स्वतःच्या छातीवर हात ठेवून. मग "चला". आकडा पुरा होईपर्यंत बोट हलायची नाही. नवे खलाशी हसायचे, आठ तर माणसं, डोळ्यांना दिसत नाहीत का म्हणायचे. दादा त्यांचं हसणं संपेपर्यंत थांबायचा आणि पुन्हा एकपासून सुरुवात करायचा.

त्या दिवशी वारा उठला आणि जाळं ओढताना एक खलाशी पाण्यात गेला. बाकीचे ओरडले, जाळं पाण्यात आहे, वळू नका, मागून दुसरी बोट येतेय ती उचलेल त्याला. दादाने कोयता घेऊन जाळं कापलं आणि बोट वळवली. माणूस मिळाला. पण वळताना लाट आत आली, इंजिन बंद पडलं, बोट वाहत जाऊन खडकावर बसली आणि तिचा तळ फाटला. मागच्या बोटीने सगळ्यांना उचलून आणलं. आठच्या आठ जिवंत, कुणाला खरचटण्यापलीकडे काही नाही.

तुम्हाला वाटेल गावाने हारतुरे केले असतील. कसले हार! मालकाच्या अंगणात बैठक बसली. मालक म्हणाला, एकापायी बोट खडकावर घातली, जाळं घालवलं, सात जणांचे जीव टांगणीला लावले. खलाशांनी माना डोलावल्या. ज्याला पाण्यातून काढलं तो तलासरीकडच्या पाड्यावरचा, आठ-नऊ वर्षं दादाबरोबर बोटीवर असलेला. तो उभा राहिला आणि म्हणाला, "मला पोहता येत होतं. मागची बोट होती. तांडेलाने वळवायला नको होती." त्याला मालकाच्या दुसऱ्या बोटीवर काम हवं होतं, घरी खाणारी तोंडं होती, पाण्यात राहून माशाशी वैर कोण करील? हे मला आता समजतं. तेव्हा मी कुडाच्या बाहेरून ओरडले होते, "गरज सरो नि वैद्य मरो!" त्याने मान वर केली नाही.

दादा सगळ्या बैठकीत एकदाच बोलला. "घरी येऊन मोजताना सातच आले असते, तर मी काय करायचं होतं?" मालकाने चहा मागवला.

मग पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीचे दोन महिने लागले. इतर वर्षी या दिवसांत दादा जाळी विणायचा, बोटीला रंग द्यायचा. यंदा ना बोट ना जाळं. पडवीत बसून तो पाऊस बघायचा आणि कुणी हाक मारली तर "हं" म्हणायचा. मी तलासरीला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते, रोज डहाणूहून एसटीने जाते-येते. क्लासने एक जुना संच बाद केला तो मी घरी आणला आणि त्यावर मला स्वतःला फार आवडणारा खेळ टाकला. मी शिकत होते तेव्हापासून असले खेळ खेळते. बंदुका घेऊन धावायचे नाहीत, डोकं चालवायचे. तुमच्याकडे चार सोबती असतात. एक ढालवाला, एक तिरंदाज, एक मंत्र टाकणारा म्हातारा आणि एक जखमा भरणारी बाई. चौघांनी मिळून जंगल, गुहा, किल्ले पार करायचे. लढाईत पाळी-पाळीने चाल करायची. आधी तुमची, मग शत्रूची. विचार करायला हवा तेवढा वेळ.

खेळातलं सगळं लिखाण इंग्रजी आणि दादा सातवीपर्यंत शिकलेला. म्हणून मी शेजारी बसून वाचून सांगायची. सुरुवातीला पडद्यावर विचारतात, किती अवघड हवं. चार पायऱ्या असतात. इंटरनेटवर नाकाने कांदे सोलणारी मंडळी असतात, ती सांगतात की सगळ्यात कठीण पायरीवर खेळलात तरच खेळलात. उचलली जीभ लावली टाळ्याला! मी दहा वर्षं मुलांना टायपिंग शिकवतेय, मला विचारा. पोराला इतकं सोपं देऊ नये की त्याचं लक्ष खिडकीबाहेर जाईल आणि इतकं अवघड देऊ नये की चूक कुठे झाली तेच त्याला कळणार नाही. हरल्यावर आपली चूक आपल्याला दिसली पाहिजे, तेवढं अवघड बरोबर. मी दुसरी पायरी टाळून तिसरी निवडली. मधली म्हणा ना.

आणि दादा त्यात रमला हो! पंधरा दिवसांत त्याने मला मागे टाकलं. वाट अरुंद दिसली की ढालवाल्याला तिथेच उभा करायचा. म्हणायचा, "खाडीच्या तोंडाशी जाळं लावतात ना, तसं. रुंद पाण्यात कशाला मरायला जायचं?" तिरंदाज उंचवट्यावर, म्हातारा खांबाआड. शत्रूकडे जखमा भरणारा असेल तर आधी त्यालाच टिपायचा, मग बाकीचे. म्हाताऱ्याकडे शत्रूंवर जाळं फेकायचा एक मंत्र होता, तो तर दादाचा जीव की प्राण. चिल्लर शत्रूंवर तो मंत्र वाया घालवला तर मलाच ओरडायचा, "बाय, बोंबलासाठी पापलेटचं जाळं टाकतात काय?" जखमा भरणारीचं रूप मी बनवलं होतं. माझ्यासारखी वेणी आणि माझ्यासारखं नाक. तो तिलाही बाय म्हणायचा. आणि प्रत्येक लढाई संपली की पडद्यावर बोट ठेवून मोजायचा. एक, दोन, तीन, चार. चला.

एका गोष्टीवरून मात्र आमचं रोज वाजायचं. औषधाच्या बाटल्या मिळाल्या की तो चौघांत सारख्या वाटायचा. मी सांगायची, अरे, मार खातो तो ढालवाला, त्याला जास्त दे, म्हाताऱ्याला काय करायच्या आहेत? तो म्हणायचा, "बोटीवर रांधणारा नि तांडेल एका टोपातलं जेवतात. हा म्हातारा काय उपाशी ऱ्हाणार?" खेळ असा खेळत नाहीत. जगात कुणी असा खेळत नसेल. पण सारख्या वाट्याची सवय त्याच्या हाडात होती, तिला मी काय करणार?

असं करत जुलैच्या सुरुवातीला आम्ही पुलावर आलो.

पूल मोडका, मागून राक्षसांची रीघ लागलेली, संपतच नाही. त्यांना मारून ही लढाई जिंकता येत नाही, पळून पलीकडे जायचं असतं. जो पलीकडे पोचला तो सुटला. एक जरी पोचला तरी गोष्ट पुढे जाते आणि जे मागे राहिले त्यांना पुढच्या गावातल्या देवळात पुन्हा उठवता येतं. म्हणून सगळे काय करतात? पडला त्याला सोडतात आणि धावतात. त्यात वाईट काही नाही, खेळाचा नियमच तसा आहे. आणि पडायची नेहमी जखमा भरणारी, कारण तिचा जीव थोडा आणि शत्रूही तिलाच आधी टिपतात.

दादा ढालवाल्याला मागे पाठवायचा, तिला उचलायला. ढाल हलली की पुलाचं तोंड उघडं पडायचं, राक्षस आत घुसायचे आणि चौघंही आडवे. पुन्हा पहिल्यापासून. असं तो अकरा वेळा हरला. सगळ्यात पुढचा राक्षस पाडला तर तिला उचलायला वेळ मिळतो; त्याच्या डोक्यावर त्याच्या जिवाचा आकडा असतो, नव्वद. तो नव्वद कधी वीसवर यायचा, कधी दहावर. शून्यावर कधी आला नाही.

"सोड तिला," मी म्हणायची. "देवळात उठवू."

"नाय."

"अरे खेळ आहे!"

"खेळ हाय तर मग तुला घाई कसली?"

याच सुमारास डहाणूचाच दुसरा एक मालक घरी आला. म्हणाला, बोट तयार आहे, मला तांडेल पाहिजे, तुझी चार माणसं घेऊन ये आणि ऑगस्टपासून चालव. दादाने पाणी दिलं, बसवलं, आणि तो गेल्यावर म्हणाला, "कुठल्या तोंडाने बोलवू कुणाला? मी बोट घालणारा माणूस." तीन दिवस गेले, त्याने कुणाला फोन केला नाही. चौथ्या दिवशी वहिनीने मला चुलीपाशी गाठलं. "त्याला त्या पुलावरून एकदा जाऊ दे गो. तू शिकलेली आहेस. तुला काहीतरी करता येत असेल."

येत होतं. तीन वेळा क्लिक करायचं काम होतं. दादा बावीवर पाणी काढायला गेला तेव्हा मी पायरी बदलली, सगळ्यात सोपी केली. नव्वदचा आकडा पंचेचाळीस झाला, राक्षसांचे फटकेही हलके झाले. आपल्याच वर्गात पोराला न सांगता मार्क वाढवणारी बाई मी बघितली असती तर तिला धू धू धुतली असती. पण माझा भाऊ पडवीत बसून मरत होता आणि माझ्याकडे तीन क्लिक होते.

बाराव्या खेपेला बाय पडली. दादाने ढालवाल्याला मागे पाठवलं. राक्षसांनी मारलं, पण ढालवाला तगला. त्याने तिला उचललं, खांद्यावर घेतलं आणि आला. मी मुद्दाम त्याच्याशी सारखी बोलत राहिले, डावीकडे बघ, तिरंदाज बघ, म्हणजे त्याची नजर आकड्यावर जाऊ नये. चौघंही पलीकडे. दादाने पडद्यावर बोट ठेवलं. एक, दोन, तीन, चार. चला म्हणायला तोंड उघडलं आणि त्याला रडू फुटलं. आमच्याकडे पुरुष रडत नाहीत असं काही नाही, पण दादाला रडताना मी बाबा गेले तेव्हाच बघितलं होतं. "बघ, जमतं," तो म्हणत होता. "मी सांगत व्हतो ना? जमतं." वहिनी दारात उभी होती. मलाही भरून आलं, आणि लाजही वाटली, पण भरून आलं ते जास्त.

त्याच संध्याकाळी त्याने खलाशांना फोन केले. रविवारी दुपारी या म्हणाला. आणि मी शहाणीने काय करावं? पायरी परत होती तिथे आणून ठेवली. म्हटलं, पुढच्या लढाया फार सोप्या झाल्या तर तो ओळखील, तांडेलाला पाणी उथळ झालेलं कळल्याशिवाय राहतं का? पुलाचं काम झालं, आता नीट खेळू दे.

रविवारी चौघं आले. त्यांत तो पाण्यातून काढलेलाही होता. दादाने बोलावलं म्हणून तलासरीहून पावसात दोन गाड्या बदलून आला होता. वहिनीने चहा ठेवला. बोलणं चांगलं चाललं होतं. बोट कुठली, जाळी कुठली, वाटा कसा. तिघं जवळजवळ तयार होते. मग त्यांतला एक म्हणाला, "सगळं ठीक हाय तांडेल. पण परत कुणी पडला तर?"

दादा तोंडाने काहीही बोलला असता तरी चाललं असतं. "तेव्हाचं तेव्हा बघू" म्हणाला असता तरी ते आले असते. पण त्याच्याजवळ पुरावा होता ना! त्याने त्यांना पडवीतून आत आणलं, कॉम्प्युटर चालू केला आणि पुलाच्या आधीचा राखून ठेवलेला खेळ काढला. त्यांना सगळं समजावलं, ढाल कुठे, तीर कुठे, सुटायचं कुठे. "आता बाय पडेल. बघा मी काय करतो." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि तो हात माझ्यामुळे पुढे आला होता.

मी त्याच्या शेजारीच बसले होते. पाच माणसांसमोर ती पायरी बदलायची कशी? म्हणायला हवं होतं, दादा, थांब, वीज जाईल, पंप लावायचाय, काहीही. माझी एरवी कुणाला न ऐकणारी जीभ टाळूला चिकटली. बाय पडली. ढालवाला मागे गेला. तिसऱ्या फटक्याला तो आडवा, मग म्हातारा, मग तिरंदाज. पडदा काळा झाला.

दादाने पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. तेव्हा एक जण हसून म्हणाला, "तांडेल, हितंपण बोट घातलीस की!" बाकीचेही हसले, वाईट मनाने नव्हे, पण हसले. पाण्यातून काढलेला मात्र हसला नाही. तो पडद्याकडे बघत होता, जिथे ती वेणीवाली पडली होती. मग चहा पिऊन, कळवतो म्हणून सगळे गेले. कुणी कळवलं नाही. पुढच्या चार दिवसांत त्या मालकाने दुसरा तांडेल बघितला.

ते गेल्यावर दादाने कपबशा गोळा केल्या आणि तो परत खुर्चीत येऊन बसला. मग म्हणाला, "बाय, त्या दिवशी राक्षसाचा आकडा किती व्हता?"

"तेवढाच असेल."

"मला इंग्रजी येत नाय. आकडे येतात. आज तिन्ही टायमाला नव्वद व्हता. त्या दिवशी तू मला बघू दिलं नाय. किती व्हता?"

"पंचेचाळीस," मी म्हणाले.

तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने नुसती मान हलवली, एखादा हिशोब जुळावा तशी. "म्हणजे नाय जमत," तो म्हणाला. "ते लोक बरोबर बोलत व्हते."

"दादा, खेळ आहे तो! खरी बोट तू वळवलीस, तो माणूस आत्ता इथे बसून चहा पिऊन गेला!" मी ओरडले. खरंच ओरडले. एवढी साधी गोष्ट मला आधी सुचली नव्हती आणि आता सुचली ती त्याच्या कानापर्यंत पोचत नव्हती. ज्याला स्वतःची बहीण खोटं जिंकवते त्याला तिचं खरं कसं पटावं?

त्याने पूल पुन्हा लावला. मी उठून जायला हवं होतं, गेले नाही. राक्षस आले, नव्वदवाला सगळ्यांच्या पुढे. बाय पडली. दादाचा हात माऊसवर थांबला. मग त्याने ढालवाल्याला पुढे पाठवलं. पलीकडे. त्याच्यामागे तिरंदाज, मग म्हातारा. एवढ्या सहज झालं की मलाच कळेना, या पुलावर आम्ही इतके दिवस कशाला घालवले. ती वेणीवाली पुलावर पडलेली दिसत होती, तिच्यावरून राक्षस चालले होते. दादाने पडद्यावर बोट ठेवलं.

"एक, दोन, तीन. चला."

"देवळात जाऊन तिला उठव," मी म्हणाले.

"ऱ्हाऊ दे."

त्याने कॉम्प्युटर बंद केला. त्यानंतर तो त्या खुर्चीत बसला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, पांढरा सदरा घालून तो जुन्या मालकाकडे डहाणूला गेला. खडकावर फुटलेली बोट नवा तळ घालून तयार होती आणि मालकाला तिच्यासाठी तांडेल मिळत नव्हता. दादाने त्याला शब्द दिला. यापुढे कुणीही पाण्यात गेला तरी जाळं कापणार नाय, बोट वळवणार नाय. मालकाने पाठ थोपटली म्हणे. आता खलाशी आपणहून आले. पाण्यातून काढलेलाही आला. गावात सगळे म्हणू लागले, तांडेल सुधारला. शेजारीण मला म्हणाली, "तुझ्या खेळाने त्याला शहाणा केला गो!" मी तिला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नारळी पौर्णिमेला बोट पाण्यात गेली. वहिनीने नारळ दिला, सगळा गाव किनाऱ्यावर होता. दादा चढला, खलाशी चढले. पाण्यातून काढलेला शेवटी चढला आणि सवयीने दादासमोर जाऊन उभा राहिला, खांदा पुढे करून. मीही वाट बघत होते, वहिनीही. दादा त्याच्या बाजूने पुढे गेला आणि त्याने इंजिन चालू केलं.

त्या खलाशाने खांदा मागे घेतला. मग तो जाऊन दोरापाशी बसला.

मी किनाऱ्यावरून मोजले. आठ होते. तेव्हापासून बोट जाते आणि येते त्या दोन्ही वेळांना मी मोजते. क्लासला उशीर होतो, एसटी चुकते, बोलणी बसतात. ऐकून घेते.